बॅट घेताना स्टिकर नव्हे, चेंडू अन् खेळपट्टी पाहा

नांदेड/लातूर : वार्षिक परीक्षा आटोपल्या, की नांदेड आणि लातूर येथील क्रीडासाहित्याच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, 'चांगली बॅट कितीपर्यंत येईल?' उन्हाळी शिबिरात नाव घातलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा, सोबत वडील आणि काउंटरवर मांडलेल्या चार-सहा बॅटी. मुलाची नजर स्टिकरवर, वडिलांची किमतीवर. ज्या चेंडूला ती बॅट लावायची आणि ज्या खेळपट्टीवर ती वापरायची, त्यांचा विषय निघतच नाही. दहा मिनिटांत व्यवहार उरकतो आणि पुढील दोन-तीन वर्षे मुलाच्या हाताला लागणारे वळण त्या दहा मिनिटांत ठरून जाते.

नुकसान केवळ पैशांचे असते, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. मुलाच्या ताकदीला न पेलणारी बॅट हातात आली, की वरचा हात दुबळा पडतो आणि खालचा हात बॅट ओढू लागतो. सरळ बॅटने खेळायचा चेंडू मग आडव्या बॅटने खेळला जातो. बॅट उचलायला लागणारा वेळ वाचविण्यासाठी मुलगा ती आधीच हवेत धरून उभा राहतो. मनगट आणि कोपर दुखू लागते ते वेगळेच. या सवयी चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत पक्क्या झाल्या, की त्या मोडून काढणे कोणत्याही प्रशिक्षकाला जड जाते. त्या वेळी दोष मुलाच्या तंत्राला दिला जातो. दुकानात झालेल्या चुकीची कोणाला आठवणही राहिलेली नसते.

आधी चेंडू ठरवा

मराठवाड्यात खेळले जाणारे बहुसंख्य क्रिकेट टेनिस चेंडूचे आहे, हे वास्तव बॅट खरेदी करताना सोयीस्करपणे विसरले जाते. गल्लीतील सामने, गणेशोत्सवातील स्पर्धा, एखाद्या नेत्याच्या वाढदिवसानिमित्त भरणारे 'चषक' या साऱ्यांत लेदरचा चेंडू क्वचितच दिसतो. टेनिस चेंडूचे क्रिकेट कमी प्रतीचे मानण्याचेही आता कारण उरलेले नाही. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृहात इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम पार पडला, तो टेनिस चेंडूवरच.

दोन्ही चेंडूंच्या वजनात मोठी तफावत आहे. साधा टेनिस चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा असतो. स्पर्धांतून वापरला जाणारा 'हेवी' टेनिस चेंडू त्याच्या जवळपास दुप्पट वजनाचा भरतो. पुरुषांच्या क्रिकेटमधील लेदरचा चेंडू मात्र नियमानुसार १५५.९ ते १६३ ग्रॅमचा असावा लागतो. महिलांसाठी तो १४० ते १५१ ग्रॅमचा, तर १३ वर्षांखालील मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो.

या आकड्यांचा बॅटशी थेट संबंध आहे. जड आणि टणक चेंडू वेगाने येऊन आदळतो, तेव्हा त्याचा धक्का सोसून त्याला परत पाठविण्यासाठी बॅटमध्ये वस्तुमान हवे. टेनिस चेंडू हलका आणि मऊ असल्याने तो बॅटवर आपटून स्वतःच चपटा होतो. तेथे बॅटच्या वजनाने फारसे साधत नाही, तर बॅट किती वेगाने फिरते यावर सारे अवलंबून असते. म्हणूनच टेनिस चेंडूसाठीच्या बॅटी साधारण ९०० ते ११०० ग्रॅमच्या असतात आणि पाठीमागून खोदून त्यांचे वजन कमी केलेले असते. 'स्कूप' नावाने ओळखल्या जाणाऱ्या बॅटी त्या याच. अशी बॅट लेदरच्या चेंडूसमोर धरली, तर ती एखाद्या यॉर्करवरच चिरफाळते. याउलट, दहा-पंधरा हजारांची लेदर बॅट गल्लीत टेनिस चेंडूसाठी नेली, तर ती तुटत नाही. पण जड असल्याने उशिरा येते, आणि टेनिस चेंडू बॅटवर आल्यावर थांबून राहत नाही.

मुलगा दोन्ही खेळत असेल, तर दोन स्वस्त बॅटी घ्याव्यात. दोन्हींना चालेल अशी एकच महागडी बॅट शोधण्यात अर्थ नाही. अशी बॅट बनत नाही, विकली मात्र जाते.

मॅटिंगचे गणित वेगळे

लेदरचा चेंडू ठरला, की दुसरा प्रश्न खेळपट्टीचा. येथे मात्र मराठवाड्यातील खेळाडूला पुण्या-मुंबईचा सल्ला जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. दूरचित्रवाणीवरील सामने गवताच्या, म्हणजे टर्फ विकेटवर होतात. टर्फ राखायची तर रोज पाणी, रोलर, जाणकार माळी आणि भरपूर पैसा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. त्याच महिन्यात दुष्काळामुळे आयपीएलचे एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला होता. ज्या भागात घागरभर पाण्यासाठी रांगा लागल्या, तेथे खेळपट्टीला पाणी घालण्याचा विषय काढणेही अशोभनीय ठरते. येथील सराव सिमेंटवर किंवा मुरमावर अंथरलेल्या काथ्याच्या मॅटिंगवर चालतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

मॅटिंगवर, विशेषतः खाली सिमेंट असेल तर, चेंडूला उसळी जास्त मिळते. चेंडू काथ्याला पकड घेतो, त्यामुळे फिरकी चांगली वळते आणि मध्यमगती गोलंदाजाचा चेंडूही टप्पा पडल्यावर दिशा बदलतो. फलंदाजाला मागच्या पायावर जाऊन कट आणि पुल अधिक खेळावे लागतात. याचा सरळ अर्थ असा, की चेंडू बॅटच्या पात्यावर नेहमीपेक्षा वर लागतो.

प्रत्येक बॅटमध्ये एक जागा अशी असते, की तेथे चेंडू लागला तर हाताला झिणझिण्या येत नाहीत आणि चेंडू सहज निघतो. खेळाडू तिला 'मिडल' म्हणतात. बॅट आडवी धरून पाठीमागचा फुगवटा पाहिला, की हे मिडल कोठे आहे ते कळते. फुगवटा टोकापासून वीतभराच्या आत सर्वाधिक असेल, तर ते 'लो मिडल'. वीतभर किंवा त्याहून थोडे वर असेल, तर 'मिड' किंवा 'हाय'. भारतातील बऱ्याच टर्फ खेळपट्ट्या संथ आणि कमी उसळीच्या असल्याने लो मिडलच्या बॅटींना देशभर मागणी आहे. नांदेड किंवा लातूरचा मुलगा तीच बॅट घेऊन मॅटिंगवर उतरतो आणि कमरेच्या उंचीचा प्रत्येक चेंडू त्याच्या बॅटच्या निर्जीव भागावर लागतो. बॅट भारी कंपनीची, भारी किमतीची. पण 'स्ट्रोकच नाही' अशी तक्रार. दोष बॅटचा नसतो. ती दुसऱ्या खेळपट्टीसाठी घडविलेली असते.

मॅटिंगवर नियमित खेळणाऱ्याने म्हणूनच मिड मिडलची बॅट पाहावी. आणखी एक गोष्ट. काथ्याच्या खरबरीत पृष्ठभागावर बॅट टेकवून उभे राहिल्याने तिचे टोक झपाट्याने झिजते. शंभर-दीडशे रुपयांची रबरी टो-गार्ड पहिल्याच दिवशी बसवून घेतली, तर बॅटचे आयुष्य सहज एखाद्या हंगामाने वाढते.

हा हिशेब एका टप्प्यावर बदलतो. मराठवाड्यातील जिल्हा संघटना पुणे येथील महाराष्ट्र क्रिकेट संघटनेशी संलग्न आहेत. वयोगटातील निवड चाचण्यांतून जो खेळाडू पुढे जातो, त्याला टर्फवर खेळावे लागते. त्या वेळी इंग्लिश विलोची, थोड्या खालच्या मिडलची बॅट घेणे योग्यच. तोवर ती घेऊन ठेवणे म्हणजे बाजारात तुरी... तुरीच्याच बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या लातूरकरांना ही म्हण पुरी करून सांगण्याची गरज नाही.

वाढत्या अंगाचा शर्ट चालतो, बॅट नाही

मध्यमवर्गीय घरात मुलांचे कपडे वाढत्या अंगाने घेण्याची रीत आहे. पुढच्या वर्षीही चालावा म्हणून शर्ट एक माप मोठा. नेमका हाच व्यवहार बॅटच्या बाबतीत घात करतो. लांब दांड्याची बॅट धरण्यासाठी मुलगा हात खाली सरकवतो, दांड्याचे वरचे टोक पोटात रुतू लागते आणि ते टाळण्यासाठी तो बॅट पायांपासून दूर ठेवून उभा राहतो. पुढील अंतरातून चेंडू यष्ट्यांवर जातो.

बॅटींना १ ते ६ असे क्रमांक असतात. त्यानंतर हॅरो आणि मग प्रौढांची शॉर्ट हँडल. साधारणपणे साडेचार फूट ते चार फूट नऊ इंच उंचीच्या मुलाला ४ क्रमांकाची, पाच फुटांपर्यंत ५ क्रमांकाची, पाच फूट तीन इंचांपर्यंत ६ क्रमांकाची आणि साडेपाच फुटांपर्यंत हॅरो बॅट योग्य ठरते. त्यापुढे शॉर्ट हँडल. कंपन्यांच्या मापांत थोडाफार फरक असतो, त्यामुळे दुकानातच एक साधी खात्री करून घ्यावी. मुलाला सरळ उभे करून बॅट त्याच्या पायाशेजारी टेकवावी. दांड्याचे वरचे टोक कमरेच्या सांध्याजवळ आले तर माप योग्य. पोटापर्यंत गेले, तर बॅट परत ठेवावी, कितीही आवडलेली असली तरी.

वजनाची परीक्षा याहून महत्त्वाची आहे. मुलाने फक्त वरच्या हाताने, म्हणजे उजव्या फलंदाजाने डाव्या हाताने, बॅट धरून हात समोर ताणावा. आठ-दहा सेकंदांत बॅटचे टोक खाली झुकू लागले, तर ती जड आहे. त्यानंतर पवित्रा घेऊन बॅट मागे उचलून दहा-बारा वेळा सरळ फिरवून पाहावी. हे करताना लक्षात येते, की काट्यावर सारख्याच वजनाच्या दोन बॅटी हातात सारख्या लागत नाहीत. ज्या बॅटचे वजन टोकाकडे एकवटलेले असते ती जड वाटते आणि ज्या बॅटमध्ये ते पात्यावर नीट विभागलेले असते ती हलकी. खेळाडू याला 'पिकअप' म्हणतात. मागवलेल्या बॅटच्या वर्णनात छापलेल्या ग्रॅमच्या आकड्यातून हा पिकअप कळत नाही. ऑनलाइन खरेदीत पाचशे रुपये वाचतात हे खरे. परंतु दुकानात दहा बॅटी हातात घेऊन पाहण्याची संधी त्या पाचशे रुपयांत गमावली जाते.

प्रौढांच्या शॉर्ट हँडल बॅटचे वजन सर्वसाधारणपणे १.१ ते १.२५ किलोच्या दरम्यान असते. सचिन तेंडुलकर याहून जड, तीन पौंडांपेक्षा अधिक वजनाची बॅट वापरत असे, ही गोष्ट महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहे. आणि तिनेच अनेक मुलांचे नुकसान केले आहे. डॉन ब्रॅडमन यांची बॅट एक किलोच्या आसपासची होती, हे मात्र कोणी सांगत नाही. जड बॅटने चेंडू लांब जातो तो ती तेवढ्याच वेगाने फिरवता आली तरच. वेग कमी झाला, तर वाढलेल्या वजनाचा फायदा उरत नाही आणि उशीर झाल्याचा तोटा तेवढा पदरात पडतो.

विलो, पॉपलर आणि स्टिकर

बॅटचे लाकूड विलोचे, म्हणजे आपल्याकडे ओढ्या-नदीकाठी आढळणाऱ्या वाळुंजाच्या कुळातील झाडाचे. इंग्लंडमधील विलो वजनाला हलका आणि चिवट असतो. काश्मीरमध्ये इंग्रजांच्या काळात विलोची लागवड झाली. तेथील लाकूड अधिक घट्ट, जड आणि तपकिरी छटेचे असते. अनंतनाग जिल्ह्यातील संगम आणि बिजबेहारा परिसरात महामार्गाच्या कडेला रचून ठेवलेल्या विलोच्या फळ्या प्रवाशांना लांबूनच दिसतात. मीरत आणि जालंधर येथील कारखाने काश्मीरचे लाकूडही वापरतात आणि इंग्लंडहून आयात केलेलेही. त्यामुळे 'इंग्लिश विलो' लिहिलेली बॅट इंग्लंडमध्ये बनलेली असते, असे नव्हे.

काश्मीर विलोची बॅट साधारण हजार ते चार हजार रुपयांत मिळते. इंग्लिश विलोची सुरुवात त्याच्या दुपटीच्या आसपास होते आणि वरच्या प्रतीच्या बॅटी पन्नास हजारांपलीकडे जातात. किमतीतील या दरीमुळेच फसवणुकीला वाव मिळतो. काश्मीर विलोचा रंग उजळ करून तो इंग्लिश म्हणून खपविला जातो, तर पॉपलरच्या पांढऱ्याफटक लाकडावर 'काश्मीर विलो' असा शिक्का मारला जातो. पॉपलरच्या पात्यावर विलोसारख्या ठळक उभ्या रेषा दिसत नाहीत. पात्याचा पुढील भाग पूर्णपणे स्टिकरने वा जाड फिल्मने झाकलेला असेल आणि दुकानदार आतले लाकूड पाहू देत नसेल, तर त्या बॅटचा नाद सोडावा.

इंग्लिश विलोच्या पात्यावरील उभ्या रेषांवरून प्रत ठरविण्याची पद्धत आहे. सरळ, समान अंतरावरील सहा ते दहा रेषा उत्तम मानल्या जातात. रेषा जास्त, तेवढे झाड अधिक वाढलेले. अशी बॅट लवकर 'खुलते', पण लवकर थकतेही. कमी रेषांची बॅट खुलायला वेळ घेते आणि जास्त टिकते. शिकणाऱ्या मुलासाठी दुसरीच बरी, आणि ती स्वस्तही असते. हे गणित दुकानात सहसा सांगितले जात नाही.

जाड कडांचे वेड तर अलीकडे फारच वाढले आहे. एमसीसीच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०१७ पासून बॅटची कड ४० मिलिमीटरपेक्षा आणि खोली ६७ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. रुंदीची मर्यादा १०.८ सेंटिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच. ही मर्यादा तर अडीचशे वर्षांची आहे. १७७१ मध्ये एका इंग्लिश फलंदाजाने चक्क यष्ट्यांएवढी रुंद बॅट मैदानात आणली आणि त्यानंतर ती ठरली. २०२५ च्या आयपीएलमध्ये पंचांनी मैदानातच मोजपट्टीतून बॅटी तपासल्या, हे अनेकांनी पाहिले असेल. टेनिस चेंडूसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ५० मिलिमीटर कडेच्या बॅटी गल्लीत चालतात; त्या घेऊन संघटनेच्या सामन्यात उतरता येत नाही. शिवाय जाड कडा आणि हलके वजन दोन्ही हवे असेल, तर लाकूड फार वाळवावे लागते, आणि अतिवाळलेले लाकूड लवकर तडकते.

आणि स्टिकर? ५ मार्च २०२३ रोजी महिला प्रीमियर लीगमध्ये यूपी वॉरियर्सकडून किरण नवगिरे फलंदाजीस आली, तेव्हा तिच्या बॅटवर कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. प्रायोजक नसल्याने तिने बॅटवर पेनने 'एमएसडी ०७' एवढेच लिहिले होते. सोलापूर जिल्ह्यातील मिरे गावच्या या मुलीने गुजरातविरुद्ध त्या बॅटने ४३ चेंडूंत ५३ धावा केल्या. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला महाराष्ट्राकडून खेळताना तिने ३४ चेंडूंत शतक झळकावले, महिलांच्या टी-ट्वेंटीतील ते सर्वांत वेगवान ठरले. स्टिकरसाठी हट्ट धरणाऱ्या मुलाला हा किस्सा जरूर सांगावा.

मुलींचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. महिलांचा चेंडू हलका असतो, त्यामुळे भावाची जुनी जड बॅट बहिणीच्या हाती देण्याची पद्धत क्रिकेटच्या दृष्टीनेही चुकीचीच. तिला त्याच मापाची, पण हलकी बॅट लागते.

जवसाचे तेल आणि मे महिन्याचे ऊन

नवी लेदर बॅट थेट सामन्यात नेऊ नये. तिला कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन हलके हात द्यावे लागतात. यासाठी डबाबंद 'बॅट ऑइल'च हवे असे नाही. घाण्याचे शुद्ध जवस तेलही चालते, आणि ते या भागाला परके नाही. सुती फडक्याने पात्याच्या पुढील बाजूस, कडांना आणि टोकाला तेल पुसावे आणि बॅट रात्रभर आडवी ठेवावी. दांडा पात्यात जेथे बसविला आहे, तो जोड मात्र कोरडाच राहू द्यावा. तेलाने तेथील गोंद सैल पडतो. जास्त तेल पाजले तर बॅट मजबूत होत नाही, ती जड आणि बधिर होते. पात्यावर पारदर्शक फिल्म लावलेली असेल, तर त्या भागाला तेलाची गरज नसते.

त्यानंतर लाकडी हातोडीने हलके-हलके ठोकण्याचे काम. याला पाच-सहा तास लागतात, ते चार-पाच दिवसांत विभागावेत. कडांवर सरळ घाव न घालता त्या तिरप्या घावांनी गोल कराव्यात. पुढचे एक-दोन आठवडे जुन्या, मऊ पडलेल्या चेंडूवर सराव. दुकानदार 'रेडी टू प्ले' म्हणून देत असला, तरी एखाद-दोन तासांचे ठोकणे घरी करावेच. टेनिस बॅटला यातले काहीच लागत नाही.

मराठवाड्याचा उन्हाळा बॅटला फार सोसत नाही. पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत, मोटारीच्या डिकीत किंवा गच्चीवर उन्हात ठेवलेल्या बॅटमधील ओलावा उडून जातो आणि पहिल्या जोरदार फटक्याला पात्यावर उभी चीर पडते. घरातील सावलीची, भिंतीपासून थोडी दूर असलेली जागा पुरेशी असते. पावसाळ्यात उलट काळजी. ओल्या मैदानावर टोक पाणी पिते आणि फुगते.

बजेटच आखडते असेल, तर आणखी एक मार्ग आहे. संघातील मोठ्या मुलाला लहान झालेली ५ किंवा ६ क्रमांकाची बॅट निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकते. ती आधीच खुललेली असते, तेल पिऊन ठोकून तयार असते. कडेला बारीक चिरा असल्या तर हरकत नाही. त्यावर फायबर टेप लावला, की काम भागते. दांडा मात्र दोन्ही हातांनी किंचित पिळून पाहावा. आतून 'करकर' असा आवाज आला, तर जोड सुटलेला आहे. दांडा बदलून मिळतो. पण तो खर्च धरूनच मग किंमत ठरवावी.